शिक्का कुणाचा, हमी कशाची?

संगणकावर एखादे नवे सॉफ्टवेअर बसवावयास घेतले की पडद्यावर पुष्कळदा एक इशारा उमटतो. या प्रोग्रॅमचा प्रकाशक अज्ञात आहे, तो चालविल्यास आपल्या संगणकास धोका संभवतो, असा त्याचा आशय असतो. शाळेच्या कार्यालयातील लिपिक असो, निकालपत्रके तयार करणारे शिक्षक असोत की प्रकल्पासाठी काही उतरवून घेणारा विद्यार्थी असो, या इशाऱ्यापुढे बहुतेकांचे वर्तन एकच असते. इशारा वाचावयाचा नाही, बारीक अक्षरांतील दुवा शोधावयाचा, ‘तरीही चालवा’ या अर्थाचे बटण दाबावयाचे आणि कामाला लागावयाचे. ज्याने ते सॉफ्टवेअर विकले त्यानेही बहुधा हाच मंत्र दिलेला असतो. कधी कधी तर विषाणूप्रतिबंधक व्यवस्था तेवढ्यापुरती बंद करून ठेवा, असेही तो बजावतो. रखवालदाराला रजा देऊन मग अनोळखी पाहुण्याला घरात घ्यावे, तसाच हा प्रकार.

हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, अशी सुशिक्षितांचीही समजूत दिसते. ती बरोबर नाही. ज्या संगणकावर विद्यार्थ्यांचे गुण, कर्मचाऱ्यांचे पगार, पतपेढीची खाती आणि आधार क्रमांकांच्या याद्या साठविलेल्या असतात, त्यावर कुणाला प्रवेश द्यावयाचा हा सार्वजनिक हिताचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आज सॉफ्टवेअरवरील डिजिटल स्वाक्षरी आणि तिच्यामागील सुरक्षा प्रमाणपत्र यांच्या रूपाने दिले जाते. हे उत्तर आवश्यक आहे, पण अपुरे आहे. त्याची आवश्यकता आणि त्याचे अपुरेपण या दोन्ही गोष्टी नीट समजावून घेतल्याखेरीज शासनाला योग्य धोरण ठरविता येणार नाही आणि नागरिकालाही आपले रक्षण करता येणार नाही.

शिक्का आणि मोर्तब

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज अखेरची मान्यता एवढ्याच ढोबळ अर्थाने वापरतो. त्यामागील मूळ कल्पना मात्र फार नेमकी होती. मराठेशाहीतील अधिकृत पत्रावर दोन मुद्रा असत. आरंभी उमटविलेली मोठी मुद्रा हे पत्र कुणाचे आहे ते सांगे. मजकूर जेथे संपला तेथे उमटविलेली लहान मुद्रा, म्हणजे मोर्तब, मजकुराची मर्यादा येथे संपली असे सांगे. त्यापुढे कुणी चार ओळी घुसडल्या तर त्या धन्याच्या नव्हेत, हे पाहताक्षणी कळावे हा तिचा हेतू. लेखक कोण, आणि त्याचा मजकूर जसाच्या तसा आहे की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोहोंची व्यवस्था वेगळी लावावी लागते, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते.

डिजिटल स्वाक्षरी याच दोन प्रश्नांची उत्तरे गणिताच्या साहाय्याने देते. सॉफ्टवेअर तयार झाले की त्याच्या संपूर्ण फाइलवर एक गणिती प्रक्रिया करून तिचा सारांशरूप ठसा काढला जातो. फाइल लहान असो वा प्रचंड, आज रूढ असलेल्या पद्धतीत हा ठसा २५६ बिटांचा असतो, आणि फाइलमधील एक अक्षर जरी बदलले तरी ठसा साफ बदलतो. या ठशावर निर्माता आपल्या गुप्त किल्लीने स्वाक्षरी करतो. त्या किल्लीची जोडीदार असलेली दुसरी किल्ली जगजाहीर असते. तिच्या योगे स्वाक्षरी कुणालाही पडताळता येते, पण तयार करता येत नाही. किल्ल्यांच्या जोडीची ही कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली आणि रिव्हेस्ट, शामिर व ॲडलमन या त्रयीने पुढच्याच वर्षी ती व्यवहारात आणण्याची रीत शोधून काढली. येथवर झाली ती मोर्तबाची सोय.

राहिला शिक्का. ही जाहीर किल्ली अमक्या कंपनीचीच आहे, हे कशावरून? त्यासाठी तिसरा पक्ष लागतो. प्रमाणन संस्था अर्जदाराची कागदपत्रे तपासते, नोंदणी आणि पत्ता पडताळते आणि ‘ही किल्ली या नावाची’ असे प्रमाणपत्र देते. कोणत्या प्रमाणन संस्थांवर विश्वास ठेवावयाचा याची यादी संगणकाच्या कार्यप्रणालीत आधीच भरलेली असते. मायक्रोसॉफ्टने आपल्या विंडोज प्रणालीसाठी ही व्यवस्था १९९६ मध्ये सुरू केली. आंतरजालावरून प्रोग्रॅम उतरवून घेण्याचे युग तेव्हा नुकते सुरू झाले होते. दुकानातून आणलेल्या सीलबंद खोक्याची जागा आता सही-शिक्क्याने भरून काढावी लागणार, हे उघड होते. प्रमाणपत्राची मुदत संपल्यानंतरही जुनी स्वाक्षरी ग्राह्य राहावी म्हणून तिच्यावर विश्वसनीय वेळेची नोंदही करता येते. टपालाच्या शिक्क्यावरील तारखेचे जे काम, तेच या नोंदीचे.

शिक्का आणि मोर्तब यांतील फरक कळण्यास आपल्याकडील एक ताजे उदाहरण पुरेसे आहे. लग्नपत्रिका, वाहनाच्या दंडाची नोटीस किंवा बँकेची सूचना असल्याचे भासवून व्हॉट्सॲपवरून पाठविलेली ‘एपीके’ फाइल उघडल्यामुळे खात्यातील पैसे गेल्याच्या तक्रारी गेल्या काही वर्षांत आपण वारंवार वाचल्या आहेत. अँड्रॉइड प्रणालीत स्वाक्षरीवाचून कोणतेही ॲप बसूच शकत नाही, हे ऐकून कित्येकांना आश्चर्य वाटेल. परंतु ती स्वाक्षरी निर्मात्याने स्वतःच घडविलेल्या प्रमाणपत्राची असली तरी चालते. त्यामुळे या लुबाडणाऱ्या लग्नपत्रिकेवरही मोर्तब असतेच. नसतो तो शिक्का. फाइल वाटेत बदललेली नाही एवढी ग्वाही मिळते, पण ती मुळात पाठविली कुणी हे अंधारातच राहते.

बाजारपेठेचा न्याय

या विषयाकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला. मोटार चांगली की खटारा हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीला चांगली मोटार विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या मोटारी बाजारातून निघून जातात आणि शेवटी खटाऱ्यांचाच बाजार उरतो. माहितीच्या विषमतेने बाजार कसा नासतो हे दाखविणाऱ्या या विचाराला २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ हे त्या सन्मानाचे सहभागी होते.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही विषमता जुन्या मोटारीपेक्षाही बिकट आहे. खटारा मोटार निदान आठवड्याभरात रस्त्यात बंद पडते आणि फसवणूक उघडकीस येते. सॉफ्टवेअर मात्र उत्तम काम करीत असतानाच मागल्या दाराने आपली माहिती बाहेर पाठवीत असू शकते. वापरून पाहिल्यानंतरही ज्याचा दर्जा ग्राहकाला कळत नाही, अशा वस्तूंचा अर्थशास्त्रज्ञांनी वेगळा वर्ग मानला आहे. डॉक्टरने सुचविलेली शस्त्रक्रिया खरोखरच आवश्यक होती काय, हे रुग्णाला नंतरही कळत नाही. त्याच जातीची ही वस्तू. अशा बाजारात प्रामाणिक विक्रेत्याला स्वतःची ओळख पटविण्याचे साधन हवेच. ते नसेल तर प्रामाणिक आणि लबाड एकाच तागडीत तोलले जातात आणि त्यात नुकसान होते ते प्रामाणिकाचे.

ही गरज नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जकातीच्या प्रकरणी मुद्रेवाचून आलेल्या मालाला दुप्पट आणि खोटी मुद्रा लावलेल्या मालाला आठपट शुल्क सांगितले आहे. मुद्रा नसणे हा दोष खरा, पण खोटी मुद्रा असणे हा त्याहून चौपट दोष, हा या तरतुदीतील विवेक विचार करण्यासारखा आहे. कारण मुद्रा नसलेल्या मालाविषयी ग्राहक सावध असतो, तर खोट्या मुद्रेच्या मालापुढे तो बेसावध असतो. संगणकीय जगाचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास म्हणजे या विवेकाचे जणू प्रात्यक्षिकच आहे.

विश्वासघाताचा इतिहास

२००१ च्या जानेवारीत व्हेरिसाइन या अग्रगण्य प्रमाणन संस्थेने मायक्रोसॉफ्टचा कर्मचारी असल्याची बतावणी करणाऱ्या एका इसमाला मायक्रोसॉफ्टच्या नावाची दोन प्रमाणपत्रे देऊन टाकली. चूक ध्यानात येऊन जाहीर इशारा निघेपर्यंत मार्च उजाडला. ज्या कंपनीने ही व्यवस्था उभारली, तिच्याच नावाचा शिक्का परक्याच्या हाती जावा, यातील विरोधाभास बोलका आहे. येथे दोष गणिताचा नव्हता. खिडकीपलीकडे बसून कागदपत्रे तपासणाऱ्या माणसाचा होता.

२०१० मध्ये इराणच्या अणुकार्यक्रमातील यंत्रांना लक्ष्य करणारा स्टक्सनेट हा घातक प्रोग्रॅम उघडकीस आला. त्याचे काही भाग रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानमधील दोन प्रतिष्ठित कंपन्यांच्या खऱ्याखुऱ्या किल्ल्यांनी स्वाक्षांकित होते. त्या किल्ल्या चोरल्या गेल्या होत्या. २०१२ मध्ये अडोबी कंपनीच्या एका सर्व्हरमध्ये शिरकाव करून चोरांनी आपल्या घातक फाइलींवर खुद्द अडोबीचीच स्वाक्षरी उमटवून घेतली. साहेबांचा रबरी शिक्का चोरण्याचीही गरज नाही, साहेबांच्या टेबलावरच्या सह्यांच्या गठ्ठ्यात आपला कागद सरकवला की झाले, हा कार्यालयीन अनुभव येथे यंत्रयुगात अवतरलेला दिसतो.

त्यानंतरचे टप्पे अधिक चिंताजनक आहेत. २०१७ मध्ये संगणकाची साफसफाई करणाऱ्या सीक्लीनर या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या एका आवृत्तीत घातक भाग आढळला. ती आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार जणांनी घेतली होती. २०२० च्या डिसेंबरमध्ये सोलरविंड्स या अमेरिकी कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून झालेला शिरकाव उघड झाला. कंपनीच्याच सांगण्यानुसार ही आवृत्ती सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत पोहोचली होती आणि अमेरिकी शासनाची महत्त्वाची खाती त्यांत होती. या दोन्ही प्रकरणांत प्रमाणपत्र खरे होते, किल्ली चोरलेली नव्हती आणि स्वाक्षरी कंपनीनेच केलेली होती. विष स्वयंपाकघरातच कालवले गेले होते. डब्यावरचे सील शाबूत असल्याचा उपयोग तेथे काय होणार?

अमेरिकेतील मेरीलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वाक्षरी असलेले ३२५ घातक नमुने तपासले. त्यांपैकी १८९ नमुन्यांवरील स्वाक्षरी पूर्णतः वैध होती. उरलेल्यांवरील स्वाक्षऱ्या दुसऱ्याच फाइलीवरून उचलून चिकटविल्यासारख्या होत्या. पडताळून पाहता त्या खोट्या ठरत होत्या, पण कित्येक विषाणूप्रतिबंधक प्रोग्रॅम तेवढ्यानेही फसत होते. कागदावर शिक्का आहे ना, मग तो कुणाचा हे कशाला पाहा, ही वृत्ती केवळ माणसांतच असते असे नव्हे.

हॉलमार्क आणि स्वाक्षरी

या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष असा की, प्रमाणपत्र नेमके कशाचे आहे याविषयी आपल्या मनात गोंधळ आहे. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा करण्यास भारतात २०२१ च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली, आणि २०२३ च्या एप्रिलपासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळखक्रमांक आवश्यक झाला. हा हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो. तपासणी केंद्रात दागिना प्रत्यक्ष कसाला लावलेला असतो. सॉफ्टवेअरच्या प्रमाणपत्राची गोष्ट वेगळी आहे. येथे मालाची तपासणी कुणीच केलेली नसते. सोनाराचे दुकान नोंदलेले आहे आणि दागिन्यावर त्याचाच ठसा आहे, एवढेच त्याचे म्हणणे. सोने बावीस कॅरटचे की पितळेचे, यावर प्रमाणपत्र मौन पाळते. तरीही पडद्यावर ‘सत्यापित प्रकाशक’ असे शब्द झळकले की आपण ते शुद्धतेची हमी म्हणून वाचतो. नावाची ग्वाही आणि गुणाची ग्वाही यांची ही गल्लत हेच आजच्या व्यवस्थेतील सर्वांत मोठे छिद्र आहे.

मग सॉफ्टवेअरलाही हॉलमार्क का असू नये? ॲपल कंपनीने आपल्या संगणकांसाठी तसा प्रयत्न केला आहे. विकसकाने आपला प्रोग्रॅम आधी ॲपलकडे पाठवावयाचा, तेथे त्याची यांत्रिक तपासणी होणार आणि मगच तो ग्राहकाच्या संगणकावर विनासायास चालणार, अशी ती पद्धत. परंतु २०२० च्या ऑगस्टमध्ये एका कुप्रसिद्ध घातक प्रोग्रॅमलाच ॲपलची ही मान्यता मिळून गेल्याचे निष्पन्न झाले. सोने कसाला लावता येते, कारण सोन्याला कपट ठाऊक नसते. सॉफ्टवेअर परीक्षेच्या वेळी सभ्यपणे वागून मागाहून रंग दाखवू शकते. म्हणून गुणाची ग्वाही यंत्राने देण्याला मर्यादा आहेत आणि जबाबदार माणसाचे नाव शोधून काढता येणे यालाच अखेर मोल राहते. स्वाक्षरी चोराला थांबवीत नाही हे खरे. पण चोरी झाल्यावर कुणाच्या दारापाशी जावयाचे ते ती सांगते. स्वाक्षरीचे खरे मूल्य या उत्तरदायित्वात आहे.

किल्ली कुणाच्या खिशात?

उत्तरदायित्वाचा प्रश्न आला की किल्लीच्या रखवालीचा प्रश्न ओघानेच येतो. प्रमाणन संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या संयुक्त मंचाने १ जून २०२३ पासून असा नियम केला की, सॉफ्टवेअरवर स्वाक्षरी करण्याची गुप्त किल्ली साध्या फाइलच्या रूपात न ठेवता, तिची नक्कल करता येणार नाही अशा सुरक्षित उपकरणातच ठेवली पाहिजे. चोरीच्या प्रकरणांतून घेतलेला हा धडा योग्यच आहे.

आपल्या कार्यालयांना हे उपकरण अपरिचित नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० अन्वये डिजिटल स्वाक्षरीला आपल्याकडे कायदेशीर मान्यता आहे आणि प्रमाणन संस्थांना परवाने देणारा नियंत्रकही आहे. निविदा, कंपन्यांची विवरणपत्रे, सातबारा उतारे अशा कितीतरी व्यवहारांत ही स्वाक्षरी रुळली आहे. सॉफ्टवेअरवरील स्वाक्षरी हे त्याच तत्त्वाचे दुसरे रूप. पण अधिकाऱ्याच्या नावाचे ते छोटे उपकरण प्रत्यक्षात असते कुठे? अनेक ठिकाणी ते लिपिकाच्या खणात असते, आणि त्याचा संकेतशब्द खणाच्या आतल्या बाजूला चिकटविलेल्या चिठ्ठीवर असतो. साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून काम अडू नये, हा त्यामागचा हेतू वाईट नसतो. परंतु उद्या गैरव्यवहार झाला तर कायद्याच्या दृष्टीने सही साहेबांची, आणि चौकशीत मान अडकावयाची ती लिपिकाची. अब्जावधींचा व्यवहार करणाऱ्या अमेरिकी कंपनीचा निष्काळजीपणा आणि आपल्या कार्यालयातील ही सोय यांत प्रमाणाचा फरक आहे, प्रकाराचा नाही.

प्रमाणन संस्थाही याला अपवाद नाहीत. २०११ मध्ये डिजिनोटार या डच संस्थेच्या यंत्रणेत शिरकाव होऊन शेकडो खोटी प्रमाणपत्रे निघाली आणि त्याच वर्षी तिचे दिवाळे वाजले. २०१४ च्या जुलैमध्ये आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या काही संकेतस्थळांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले आणि ती रद्द करावी लागली. ही दोन्ही प्रकरणे संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची असली तरी बोध एकच आहे. परवाना देऊन शासनाची जबाबदारी संपत नाही, तेथून ती सुरू होते.

लहानांनी जावे कोठे?

आता या व्यवस्थेची दुसरी बाजू. स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राला वर्षाकाठी साधारणतः पंधरा-वीस हजार रुपये आणि त्याहून पुढे कितीही खर्च येऊ शकतो. सुरक्षित उपकरणाचा खर्च आणि कागदपत्रांची यातायात वेगळी. ॲपलच्या विकसक सदस्यत्वाचे मूळ शुल्क वर्षाला ९९ डॉलर आहे. एवढे करून विंडोज प्रणालीतील इशारा लगेच थांबतो असेही नाही. नव्या प्रकाशकाच्या सॉफ्टवेअरला पुरेशा लोकांनी वापरून ‘प्रतिष्ठा’ मिळवून देईपर्यंत तो येतच राहतो. इशाऱ्यामुळे लोक वापरीत नाहीत आणि लोक वापरीत नाहीत म्हणून इशारा जात नाही. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हे आपल्या पदवीधरांच्या परिचयाचे दुष्टचक्रच येथे फिरताना दिसते.

मोठ्या कंपनीला हा खर्च हिशेबातही दिसत नाही. पण तालुक्याच्या गावी शाळांसाठी वेळापत्रकाचा प्रोग्रॅम लिहिणारा शिक्षक, मराठी टंकलेखनाची सोय करून ती फुकट वाटणारा हौशी अभियंता, पतसंस्थांना हिशेबाचे सॉफ्टवेअर पुरविणारा लहान व्यावसायिक यांना तो जड जातो. मग ते ‘इशाऱ्याकडे दुर्लक्ष करा’ असे ग्राहकांना शिकवितात आणि त्या शिकवणीचा लाभ लुबाडणाऱ्यांना होतो. स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला सिद्धान्त असा की, प्रामाणिकाला स्वस्त आणि लबाडाला महाग पडेल तेच चिन्ह गुणवत्तेचा संकेत म्हणून उपयोगी पडते. येथे नेमके उलटे घडते आहे. संघटित गुन्हेगाराला चोरीचे किंवा बनावट कंपनीच्या नावावरचे प्रमाणपत्र परवडते. ज्याला ते परवडत नाही तो गुन्हेगार नसून होतकरू आहे.

यातील आणखी एक धोका दृष्टीआड करून चालणार नाही. कुणाचे सॉफ्टवेअर विनासायास चालावे हे ठरविण्याचा अधिकार आज दोन-तीन परदेशी कंपन्यांच्या हाती एकवटला आहे. अँड्रॉइडवर ॲप देणाऱ्या प्रत्येकाची ओळख पडताळण्याची योजना गूगलने २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केली, तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी तिला कडाडून विरोध केला. फसवणूक रोखण्याचा कंपनीचा हेतू नाकारण्याचे कारण नाही. तथापि सुरक्षिततेच्या नावाने उभारलेला जकातनाका पुढे मक्तेदारीचा कोट बनतो, हा आर्थिक इतिहासाचा जुना दाखला विसरून कसे चालेल? याच कारणास्तव स्वाक्षरीची सक्ती करावी, पण तिची सूत्रे केवळ विक्रेत्या कंपन्यांवर सोपवू नयेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

काय करावयास हवे?

पहिली गोष्ट शासनाने स्वतःपासून सुरू करावी. केंद्राची व राज्याची खाती, विद्यापीठे आणि परीक्षा मंडळे यांनी वितरित केलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरवर त्या त्या संस्थेच्या नावाची, वेळेची नोंद असलेली स्वाक्षरी असावी. फाइलचा गणिती ठसाही संस्थेच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध व्हावा. शाळा-महाविद्यालयांनी सॉफ्टवेअर विकत घेताना निविदेत ही अट घालावी. ‘इशारा आला तरी पुढे जा’ अशी सूचना कोणत्याही शासकीय मार्गदर्शिकेत असू नये. जो पालक स्वतः सिग्नल तोडतो त्याच्या उपदेशाला मुले किंमत देत नाहीत.

दुसरी गोष्ट लहान निर्मात्यांसाठी सार्वजनिक स्वाक्षरी सेवेची. संकेतस्थळांची प्रमाणपत्रे पूर्वी अशीच महाग होती. लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा उपक्रमाने २०१५ च्या अखेरीपासून ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध केली आणि सुरक्षित संकेतस्थळ ही श्रीमंतांची मिरास राहिली नाही. सॉफ्टवेअरच्या स्वाक्षरीसाठीही लिनक्स फाउंडेशनने २०२१ मध्ये सिगस्टोर हा खुला उपक्रम जाहीर केला. डेबियनसारख्या स्वयंसेवी प्रकल्पात तर स्वाक्षरी केलेल्या संग्रहातूनच सॉफ्टवेअर वितरित होते आणि त्यासाठी वापरणाऱ्याला पैही मोजावी लागत नाही. आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, विद्यापीठांचे संगणक विभाग आहेत. त्यांनी लहान निर्मात्याचा मूळ आराखडा तपासावा, त्यातून वितरणाची फाइल आपल्या देखरेखीखाली तयार करावी आणि तिच्यावर संस्थेच्या किल्लीने स्वाक्षरी करावी. विद्यार्थ्यांना यातून खरे शिक्षण मिळेल, निर्मात्याला प्रतिष्ठा आणि ग्राहकाला नावापलीकडची थोडी ग्वाहीही मिळेल. या किल्ल्यांना कार्यप्रणालीच्या कंपन्यांकडून मान्यता मिळविण्याची वाटाघाट मात्र शासनालाच करावी लागेल. भारताएवढ्या बाजारपेठेचे म्हणणे त्यांना ऐकावे लागेल, यात शंका नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. युरोपीय संघाने २०२४ मध्ये उत्पादन-दायित्वाचा नवा निर्देश संमत करून सॉफ्टवेअर हे ‘उत्पादन’ असल्याचे स्पष्ट केले. त्यातील दोषाने हानी झाल्यास निर्माता जबाबदार धरला जाईल. आपल्या ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे, परंतु उत्पादनाची व्याख्या घन, द्रव, वायू अशा वस्तूंच्या भाषेत केलेली आहे. तीत सॉफ्टवेअरचा निःसंदिग्ध उल्लेख व्हावा. तसेच हलगर्जीपणाने प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला नुकसानभरपाईस पात्र धरावे. शिक्का विकून पैसे घेणाऱ्याने शिक्क्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.

चौथी गोष्ट तुम्हाआम्हा सर्वांची. विंडोज प्रणालीत फाइलवर माउसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडले, तर स्वाक्षरी असलेल्या फाइलीत ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा भाग दिसतो. तेथे नाव कुणाचे आहे, स्वाक्षरी वैध आहे काय, तारीख कोणती, हे अर्ध्या मिनिटात कळते. बँकेच्या नावाने आलेल्या फाइलीवर भलत्याच कंपनीचे नाव असेल किंवा काहीच नसेल, तर ती तेथेच थांबवावी. अँड्रॉइड फोनवर ही तपासणी सामान्य माणसाला सोपी नाही. म्हणून व्हॉट्सॲपवरून आलेली ‘एपीके’ फाइल, ती सख्ख्या नातेवाइकाच्या क्रमांकावरून आली तरी, उघडूच नये. आपल्या शालेय पाठ्यक्रमात संगणकाचे भाग ओळखण्यास जागा आहे. शिक्का ओळखण्यासही एक तासिका असावयास हरकत नाही.

स्वाक्षरीने सारे प्रश्न सुटतील अशी कुणाचीच अपेक्षा नाही. पण स्वाक्षरी अपुरी आहे म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. वजनेमापे प्रमाणित झाल्याने लबाड दुकानदार नाहीसे झाले नाहीत, तरी ग्राहकाच्या हाती तक्रारीचा आधार आला. तसाच आधार संगणक वापरणाऱ्या सामान्य माणसाला मिळावयास हवा. त्यासाठी शिक्का प्रत्येक प्रामाणिक निर्मात्याच्या आवाक्यात आला पाहिजे, तो देणाऱ्यावर दायित्व आले पाहिजे आणि तो पाहणाऱ्याला त्याचा अर्थ कळला पाहिजे. यांतील पहिल्या दोन गोष्टी शासनाच्या हातात आहेत. तिसरीसाठी शासकीय निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढल्या वेळी तो इशारा पडद्यावर उमटेल तेव्हा बटण दाबण्यापूर्वी तो एकदा वाचून पाहिला, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.